केळीच्या खोलीतली नऊ गाणी

माझ्या फोनमध्ये नऊ गाणी आहेत. गाणी म्हणायचं, पण गाणारं कुणी नाही. एक गिटार आहे. चौथ्या गाण्यात मध्येच एक माणूस शिंकतो. तो मी. संगीतातलं माझं एकूण योगदान तेवढंच, आणि ते आता पुसता येत नाही, असं माझ्या मुलीनं, मुक्तानं, चार पाहुण्यांदेखत सांगून टाकलेलं आहे.

बाकी सगळं दाजींचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार धुळे. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. घरात त्यांचा विषय निघाला की सगळे आधी त्यांच्या दमण्याबद्दल बोलतात. हा माणूस दमलेलाच जन्माला आला असावा, असं आमची आई म्हणायची. कुठूनही आले, अगदी कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आले, तरी चपला काढून भिंतीशी एकीला एक लावून ठेवायच्या, खुर्चीत बसायचं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे टाकायचे आणि डोळे मिटायचे. पाणी आणून दिलं तरी लगेच घ्यायचे नाहीत. “बठू दे जरा,” म्हणायचे.

हे ‘बठू दे’ सगळ्याला चालायचं. चहा आला, बठू दे, पावडर खाली जाऊ दे. नवी तार चढवली, बठू दे, ताण घेऊ दे. अक्काशी भांडण झालं (म्हणजे अक्का बोलली आणि यांनी ऐकलं), तरी ओट्यावर येऊन मला म्हणायचे, “बठू दे.” मी मेहुणा, थट्टेचा हक्क माझा. मी विचारायचो, “दाजी, सगळं बसलं. तुम्ही कधी बसणार?”

“मी तं बठेलच शे, शालकबुवा. तुम्हीच उठाडतस.”

वर्कशॉप सुटलं की लग्नसराईत दाजी धुळ्यातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. चांगली तीस वर्षं. जागा ठरलेली: मागच्या बाजूला, ऑक्टोपॅडवाला आणि स्पीकर यांच्या मधल्या फटीत. लोकांना दाजी दिसायचे, ऐकू यायचे नाहीत. मी नातेवाईक म्हणून पहिल्या रांगेत बसून, कान देऊन ऐकलेलं आहे. ढोलकी ऐकू यायची, कीबोर्ड ऐकू यायचा, नवरदेवाच्या मित्रांच्या शिट्ट्या, आचाऱ्याची आरडाओरड, सगळं ऐकू यायचं. गिटार तेवढी नाही.

सोनगीरला हायवेच्या कडेला एक लग्न होतं. दुपारची पंगत चाललेली, मांडवात ऑर्केस्ट्रा. तिसऱ्या गाण्याला दाजींच्या ध्यानात आलं की आपली वायर ॲम्प्लिफायरला लावलेलीच नाही. वायरीचं टोक त्यांच्याच पायाशी पडलेलं. वाकून लावायला किती वेळ, आणि माणूस पेशानं इलेक्ट्रिशियन. पण त्यांनी नाही लावली. म्हणाले, बघू कुणाच्या ध्यानात येतं. पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या नाही, शेजारच्या ऑक्टोपॅडवाल्याच्याही नाही. उलट निघताना नवरदेवाचे वडील पाठीवर थाप मारून म्हणाले, “आज गिटार लई भारी झाली हं!”

“मग एवढा वेळ तुम्ही केलं काय?” मी विचारलं.

“काय म्हनजे? वाजाडानं काम व्हतं, वाजाडं.”

“खरं खरं?”

“खोटं कसं वाजाडतस?” दाजी म्हणाले. तशी काही सोय असती तर त्यांना खरंच हवी होती, असं वाटलं.

ही गोष्ट ते हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. हसणं संपल्यावर ते जरा वेळ आपल्या बोटांकडे बघत राहायचे, ते मात्र आमच्यापैकी कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

त्यांचं खरं वाजवणं वेगळंच होतं. धुळ्याच्या जुन्या बाजारात त्यांना एकदा चपलांच्या खोक्यात भरलेल्या दहा-बारा कॅसेटी मिळाल्या होत्या. वरचे कागद गेलेले, नावगाव काही नाही. विकणारा म्हणाला, मिशनच्या दवाखान्यात पूर्वी कुणी गोरा डॉक्टर होता, त्याच्या सामानातलं आहे. त्या कॅसेटींवर एखादाच माणूस आणि त्याचं एखादंच वाद्य. कधी एखादी बाई नाकातून गायची. मागे कुणी नाही. शब्द दाजींना कळत नव्हते, मला तर नाहीच. मी पदवीधर आहे आणि जळगावच्या एका डाळमिलमध्ये गेटपास लिहितो. पण दाजी त्या कॅसेटी मागे-पुढे करत फीत झिजेपर्यंत ऐकत राहिले आणि बोटांनी ते सगळं उचललं. अंगठ्यात घालायची नखी त्यांनी ठिबकच्या नळीचा तुकडा तापवून बनवली. तारेवरून घसरवायला वर्कशॉपातलं भंगारात गेलेलं एक पितळी बुश, बोटात बसेल एवढं नळकांडं, घेतलं.

मला समजावून सांगायचे, “देख, अंगठा ड्रायव्हर शे. त्यानी येकसारखी गाडी चालाडनी. बाकीना बोटं पॅसिंजर. त्या मनमा येई तठे उतरतस.”

मुक्ता कॉलेजात गेल्यावर तिनं एकदा ते ऐकलं आणि उडालीच. म्हणाली, आत्याचे मिस्टर ब्लूग्रास वाजवतात! मग तिनं आम्हा दोघांना ओट्यावर बसवून, त्या कॅसेटी लावून शिकवणी घेतली: हे झपाझप पळतं ते ब्लूग्रास, हे संथ रडवेलं ते कंट्री ब्लूज, हे तिकडचं लोकसंगीत. ब्लूग्रास म्हणजे निळं गवत, असंही सांगितलं.

“आठे ढोरेसले हिरवं भेटत नही,” दाजी म्हणाले, “निळं कथाईन आनू?” आणि मग जरा थांबून, “पन हाई बाई दमेल शे, आयक. कपडा धुईसन उनी व्हई. मनी माय दळता दळता अशीच गाये. सूर वर चढना का तिले दम लागे. मंग तठेच सोडी दे.”

त्यांनी तेच केलं होतं. आईच्या दळणाच्या चाली त्या गोऱ्या लोकांच्या बोटांत मिसळून टाकल्या होत्या. कुठं काय संपतं आणि कुठं काय सुरू होतं, ते मुक्तालाही सांगता येईना.

पण हे ऐकलं कुणी? घर दोन खोल्यांचं. मुलं अभ्यासाला बसलेली, त्यांची म्हातारी आई आजारी, अक्का दिवसभर राबून टेकलेली. दाजी तारांखाली टॉवेलची घडी सरकवून वाजवायचे. टॉवेलावर वाजवलेली गिटार म्हणजे हरभरा निवडल्यासारखा आवाज. अक्का म्हणायची, “त्यासना हात हालस तेवढं दिसस माले. वाजस का नही, देव जाने.”

एकदाच दाजी चारचौघांत ऐकू आले, ते माझ्या लग्नात. अंतरपाट सुटला, आणि वीज गेली. जनरेटरही ऐन वेळी बसला. ऑर्केस्ट्रा गप्प, माइक गप्प. जेवणं थांबली, कारण पंखे थांबले. दाजींच्या गिटारीला मात्र विजेची गरज नव्हती. त्यांनी वायर काढली, खुर्ची पुढे ओढली आणि वाजवायला लागले. दहा-पंधरा मिनिटं सगळा मांडव ऐकत होता. पोरंसुद्धा. मी नवरदेव, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. माझी बायकोही तिकडेच बघत होती. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा बॅटरीवर चालू होता. त्यानं सगळं टिपलं.

महिन्या-दीड महिन्यानं कॅसेट आली. दाजी ती बघायला खास रजा काढून जळगावला आले. नवा शर्ट घालून. आम्ही ती जागा येईपर्यंत पुढे पळवली. आली. दाजी दिसताहेत, बोटं पळताहेत, आणि आवाज येतोय तो सिनेमातल्या एका नाचाच्या गाण्याचा. व्हिडिओवाल्यानं रिवाजाप्रमाणे सगळ्या लग्नावर गाणी चढवून, खालचा आवाज काढून टाकला होता. ‘कलकल फार होती’, असं त्यानं मागून सांगितलं.

मला कुठं बघावं कळेना. दाजींनी शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, “बोटं तं मनाच शेतस.” चहा बसू दिला, प्यायले, आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी त्यांच्या डाव्या हाताची करंगळी उठेनाशी झाली. मग शेजारचं बोट. डॉक्टर म्हणाले, नस दबलेली आहे, ऑपरेशन करून बघू, खात्री नाही. दाजींनी ते शांतपणे ऐकलं, आणि घरी येताना रिक्षात मला म्हणाले, “सुनील, तीस वरीस मी वाजाडं. पन मनं वाजाडेल मी सोता कधी आयकं नही. येकदाव आयकनं शे. नुसतं मनं. मंग हात गया तरी चाली.”

नावानं हाक मारली म्हणजे विषय गंभीर. मी मुक्ताकडून तिचा छोटा रेकॉर्डर आणला. बटण दाबायचं काम माझं.

धुळ्याच्या घरी पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी, दुसऱ्या दिवशी भंगारवाला, तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत साखरपुड्याचा डीजे. एका रविवारी मी त्यांना आमच्या बंद डाळमिलमध्ये नेलं. तिथं कबुतरं होती. ती इतकी असतात हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. दाजींचं तिसरं बोटही जड पडायला लागलं होतं. आम्ही दोघं मिलच्या पायरीवर बसून राहिलो. बठू दे, असंही ते म्हणाले नाहीत.

मग माझ्या रावेरच्या मित्राच्या, युवराजच्या, नव्या खोलीच्या पूजेला आम्ही गेलो. त्याचं केळीचं पॅकिंग आहे, आणि केळी पिकवायच्या खोल्या. हिरव्या केळीचे क्रेट आत छतापर्यंत रचायचे, दार लावायचं, गार हवेत चार-पाच दिवसांत माल पिवळा. भिंती वीतभर जाड, दार तिजोरीसारखं. दाजी भरलेल्या खोलीत गेले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. टाळी तिथंच मेली. जराही घुमली नाही. केळ्यांनी ती गिळून टाकली. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी युवराजला विचारायला निघालोच.

“गाणं? चेंबरमध्ये?” युवराज म्हणाला. “मले काय, करा. पण एक ऐक, सुन्या. गार हवेची मशीन आणि पंखे बंद केले तर अर्धा तास, जास्त नाही. केळं जिवंत असतं रे भो. आतल्या आत तापतं.”

बंद करणं आणि चालू करणं ही जबाबदारी त्यानं माझ्यावर टाकली. माझ्या हुद्द्याच्या मानानं ती मोठीच होती.

मे महिना. बाहेर हमाल घामानं निथळत ट्रक भरताहेत, आणि त्यांच्यासमोरून आम्ही दोघं स्वेटर, माकडटोपी घालून गिटार घेऊन चाललोय. हमालांनी पहिल्या दिवशी काम थांबवून बघितलं. आत केळ्यांच्या भिंती, मध्ये एक स्टूल. दाजी डाव्या हाताची बोटं काखेत धरून गरम करायचे, मग वाजवायचे. अर्धा तास वाजवायचं, दोन तास थांबायचं. थांबताना ते पॅकिंगच्या शेडमध्ये गोणपाटावर पडून राहायचे, डोळे मिटून. मी पुन्हा चालू-बंद करायचो. चौथ्या गाण्यात मी शिंकलो.

“दाजी, परत घेऊ?” मी कानकोंडा होऊन विचारलं.

त्यांनी हाताकडे पाहिलं. “नको. बोटेसनी ताकद मोजकी शे.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ गाणी झाली. आठवं अगदी मनासारखं झालं, आणि आम्ही दोघं बाहेर आलो. तेवढ्यात युवराजच्या आईनं भरीत-भाकरीला बोलावलं. वांगी शेतातली, मिरच्या तिखटजाळ. पोटभर जेवलो, आणि ओसरीवर जे आडवे झालो ते दिवस मावळताना उठलो. मी डोळे चोळत चूळ भरत होतो आणि एकदम मला आठवलं.

खोलीचं दार उघडलं तर वासाचा लोट अंगावर आला. सकाळपर्यंत सगळ्या मालावर काळे ठिपके. लांबच्या बाजाराला जायचा माल, आता गावापुरताच राहिला.

“सुन्या,” युवराज खाली बसत म्हणाला, “तुले एक बटण दाबायचं सांगितलं होतं ना रे भो!”

मी काही बोलण्याआधी दाजी उठून उभे राहिले. “भाऊ, चूक मनी शे. याले मी आयकाडामा गुतेल ठेवं. तो इसरना.”

हे खरं नव्हतं. मी भरितामुळे विसरलो होतो. पण मी गप्प बसलो, आणि त्याची लाज आजही वाटते. युवराजनं त्या म्हाताऱ्याकडे, त्याच्या माकडटोपीकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावून हसायलाच लागला. “जाऊ द्या दाजी. तुमच्या गाण्यानं पिकली म्हणू.” त्या दिवशी रावेर तालुक्यात त्याच्या जेवढ्या सोयरिकी होत्या तेवढ्या घरी केळी गेली. हमालांनी नेली. मी बरोबर दोन क्रेट जळगावला आणले, आणि आमच्या घरी आठवडाभर शिकरण झालं. बायकोनं रोज वाटी भरून वाढलं.

खोली रिकामी झाली आणि आत शब्द काढला की घुमायला लागला. एक गाणं राहिलं होतं, आईच्या दळणाचं. युवराज म्हणाला, चार दिवस थांबा, नवीन माल भरतो, मग होईल पहिल्यासारखं.

“चार दिवसमा हाई बोट ऱ्हाई का नही, कोनले माहीत?” दाजी म्हणाले. “आसंच घेऊत.”

या वेळी बटणापाशी युवराज स्वतः उभा राहिला. रेकॉर्डर लावून मलाही त्यानं बाहेर काढलं. दाराला हातभर काच होती, तिच्यातून मी पाहत राहिलो. रिकाम्या खोलीत स्टुलावर दाजी. दोन बोटं निकामी, म्हणून पितळी बुश त्यांनी मधल्या बोटात चढवलं होतं. आवाज मला येत नव्हता. अंगठा चाललेला दिसत होता, एकसारखा. मग एका जागी बुश वर वर जात थांबलं, आणि दाजींनी हात उचलून घेतला. बराच वेळ त्यांनी हात तसाच वर धरला होता. नंतर ऐकलं तेव्हा कळलं, तो सूर त्या रिकाम्या खोलीत अजून चालू होता, आणि ते त्याला जाऊ देत होते.

बाहेर आले, चपला घातल्या. “बस,” म्हणाले. “आते व्हयनं.”

मुक्तानं गाणी साफ करून इंटरनेटवर चढवली. त्यासाठी काही माहिती भरायची होती. तिनं फोनवर विचारलं, सोबतचे कलाकार कोण?

“कोनी नही,” दाजी फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाले. “लिख, येकला शे.”

गाणी तयार झाल्यावर मी ती घेऊन धुळ्याला गेलो, एक छोटा स्पीकरही नेला. दुपारी चारचा सुमार. दाजी खुर्चीत बसले, तळवे गुडघ्यांवर टाकले. अक्का समोर ताट घेऊन गवार मोडत होती. मी पहिलं गाणं लावलं.

दाजींनी डोळे उघडले. मान किंचित कलती करून ते ऐकायला लागले, जसं आपण दारावर कुणी आलंय का ते ऐकतो. एकदा त्यांच्या अंगठ्यानं गुडघ्यावर ठोका दिला. पहिलं गाणं संपलं. ते काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. दुसरं सुरू झालं, आणि त्याच्या मध्यावर त्यांची मान हळूहळू छातीवर आली. ते झोपले होते. एवढा आटापिटा करून, आणि झोपले! मी स्पीकरकडे हात नेला. अक्कानं माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

तिच्या ताटातली गवार तशीच होती. किती वेळ तशीच होती, माझं लक्ष नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, स्पीकरकडे बघत होती.

पुढे फोनवर मी दाजींना दोनदा विचारलं, सगळी ऐकली का? “आयकसू ना, घाई काय शे?” म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली की नाही, मला माहीत नाही. पावसाळ्याच्या तोंडी ते गेले. त्या दुपारची भेट शेवटची आहे, हे माहीत असतं तर मी साडेपाचची बस सोडली असती. पण दुसऱ्या दिवशी गेटपास लिहायला मी नसलो तर मिल बंद पडेल, असा माझा तेव्हा समज होता. म्हणून मी पिशवी उचलली, स्पीकर तिथंच ठेवला, आणि दाजींना न उठवता बाहेर पडलो.

फाटक लावताना गल्लीत भाजीवाली आली. तिनं मेथीची हाळी दिली तशी अक्का ओट्यावर धावत आली.

“हळू, हळू बोल व माय!”

“काय व्हयनं व? कोनी आजारी शे का?”

“नही व. वाजी ऱ्हायनं.”

भाजीवालीनं टोपली डोक्यावरून उतरवून ओट्यावर टेकवली आणि कान दिला. आत पाचवं की सहावं गाणं चाललं होतं. खिडकीतून दाजींचं पांढरं डोकं दिसत होतं, छातीवर कललेलं.

“कोन वाजाडस?” तिनं आवाज खाली करून विचारलं.

अक्कानं पदर खांद्यावर नीट घेतला.

“आमना घरना,” ती म्हणाली.